पिटिशन भरण्याआधी भावंडाला एकदा विचारा

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत प्रत्येकाचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे, त्यामुळे गुडघेदुखीच्या खालोखाल तिथे व्हिसाच चघळला जातो. परवा पुन्हा तेच कानावर आलं. विषय पिटिशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या नातलगानं आपल्याला तिथे कायमचं न्यायला भरलेल्या अर्जाचा. ‘बहिणीनं पिटिशन भरलंय ना? मग टूरिस्ट व्हिसा विसरा आता.’ त्यावर दुसऱ्या काकांचा सल्ला, ‘व्हिसाच्या फॉर्मात पिटिशनचं लिहूच नका हो, त्यांना काय कळतंय!’

पहिलं अर्धसत्य. दुसरं म्हणजे पायावर धोंडा.

माझ्या धाकट्या बहिणीनं सिटिझन झाल्या झाल्या माझ्यासाठी पिटिशन भरलं. जन्माचा दाखला व्हॉट्सअॅपवर मागवून घेतला आणि कशासाठी ते पावती आल्यावर सांगितलं. ‘ताई, तुझा नंबर लावून ठेवलाय, लागेल तेव्हा लागेल.’ प्रेमानंच केलं, त्यात शंका नाही. पण ‘लागेल तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे कुणी बघत नाही. भावंडांसाठीचा हा एफ-४ वर्ग. जगभरातून वर्षाला ६५,००० व्हिसा आणि त्यावर देशनिहाय सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतातल्या ज्यांचा नंबर लागत होता, त्यांची पिटिशनं २००६ सालात भरलेली होती. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, माझा नंबर येईल तेव्हा काठी टेकत जाणार का मी न्यू जर्सीला संसार थाटायला?

तोवर फक्त भेटायला जायचं म्हटलं की आडवं येतं अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी). टूरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघालाय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्यानं अधिकाऱ्याला पटवायचं. एच-वन-बी आणि एल-वन या नोकरीच्या व्हिसांवाले यातून सुटलेत. म्हणजे सॉफ्टवेअरवाला भाचा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असतानाही ये-जा करणार, आणि मावशी बारशाला निघाली की तिच्या हेतूची झडती. मला हे उफराटं वाटतं. इतकी वर्षं नियमानं रांगेत उभी असलेली बाई सहा महिन्यांच्या पाहुणचारासाठी तो नंबर कशाला घालवेल? कारण मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त राहून परतलं तर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं. कॅनडाच्या कायद्यात निदान स्पष्ट लिहिलंय की पुढेमागे कायमचं यायची इच्छा असली तरी, मुदतीत परत जाणार हे पटलं, तर पाहुणा म्हणून यायला हरकत नाही.

पण कायदा आहे तो आहे, आणि त्यात प्रलंबित पिटिशन असलं की व्हिसा नाहीच, असं कुठेही म्हटलेलं नाही. शंका वाढते, इतकंच.

आता त्या काकांच्या सल्ल्याबद्दल. टूरिस्ट व्हिसासाठी भरायच्या डीएस-१६० फॉर्मात प्रश्न आहे की तुमच्यासाठी कधी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का. ‘कधी’ हे नीट वाचा. बहिणीनं पिटिशन मागे घेतलं तरी उत्तर ‘हो’च राहतं. आणि अमेरिकी सरकारकडेच भरलेला कागद त्यांना कसा कळणार नाही? व्हिसा नाकारला तर १८५ डॉलर जातात, पुन्हा भरून पुन्हा अर्ज करता येतो. खोटं पकडलं गेलं तर आयुष्यभराची बंदी लागू शकते, आणि मग वीस वर्षांनी आलेला नंबरही पाण्यात.

मुलाखतीसाठी पहाटेची शिवनेरी पकडून मुंबईत बीकेसीतली अमेरिकी वकिलात गाठायची आणि खिडकीवर दोन-तीन मिनिटांत खेळ संपतो. बरोबर नेलेली जाडजूड फाईल बहुधा कुणी उघडतही नाही. मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, ‘हो, बहिणीनं भरलंय, नंबर यायला खूप वर्षं आहेत. आत्ता भाचीच्या लग्नाला तीन आठवडे जातेय. नोकरी पुण्यात आहे, रजा मंजूर झालीय.’ व्हिसा मिळाला. सगळ्यांना मिळतोच असं नाही, हेही पाहिलंय. ज्यांच्याकडे आधीचा व्हिसा चालू आहे त्यांचा तो पिटिशनमुळे आपोआप रद्द होत नाही. मात्र तिथे उतरल्यावर आत सोडायचं की नाही आणि किती दिवस, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तोही हेच विचारू शकतो.

आईवडिलांची गोष्ट वेगळी. सिटिझन मुलांच्या आईवडिलांना संख्येची मर्यादाच नाही, त्यामुळे हौसेनं ग्रीन कार्ड काढलं जातं. पण ते तिथे राहणाऱ्यासाठी असतं. ज्यांना मे-जूनपुरतं नातवंडांकडे जाऊन गणपतीला कोथरूडला परतायचंय, त्यांना टूरिस्ट व्हिसाच सोयीचा.

म्हणून तिकडच्या भावाबहिणींनो, फॉर्म भरण्याआधी फोन करा. इकडच्याला खरंच यायचंय का, त्याची मुलं तोवर केवढी होतील, मधल्या वर्षांत त्याला नुसतं भेटायला यायचंय का, विचारा तरी.

बहिणीनं आता आमच्या भावासाठीही भरायचं काढलं होतं. या वेळी आधी विचारायला लावलं. तो नको म्हणाला. त्याचा टूरिस्ट व्हिसा पुढच्या वर्षी संपतोय, आणि त्याला तिच्याकडे फक्त दिवाळीला जायचंय.