सॅव्हॉयची लाकडी जमीन

न्यूयॉर्कला लेकीकडे आले की हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीची एक फेरी ठरलेली. लेनॉक्स अव्हेन्यू, १४० आणि १४१व्या रस्त्यांच्या मधला तुकडा. तिथे उंच निवासी इमारती आहेत आणि २००२ साली लावलेला एक फलक. लेक म्हणते, "आई, परत तिथेच?" हो, परत तिथेच. तिथे सॅव्हॉय बॉलरूम होता, जॅझवर नाचायचा मोठा दिवाणखाना.

जॅझचा इतिहास आपण वादकांच्या नावांनी सांगतो. एलिंग्टन, बेसी, गुडमन. माझं ठाम मत आहे की तो आधी त्या लाकडी जमिनीचा आणि तिच्यावर नाचणाऱ्यांचा सांगायला हवा.

१२ मार्च १९२६ला सॅव्हॉय उघडला. मालकी गोऱ्यांची होती, पण रोजचा कारभार चार्ल्स बुकॅनन या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाच्या हातात. दुसऱ्या मजल्यावर, एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत पसरलेला दिवाणखाना. नाचून नाचून फळ्या इतक्या झिजायच्या की दर तीनेक वर्षांनी जमीन नवी घालावी लागे. वादकांसाठी मंच दोन, शेजारी शेजारी. एक वाद्यवृंद थांबला की दुसरा लगेच सुरू, म्हणजे रात्रभर खंड नाही.

तिथून दोन गल्ल्या पुढे कॉटन क्लब होता. तिथे वाजवणारे, नाचणारे कृष्णवर्णीय, आणि टेबलांवर बसायला फक्त गोरे. ज्या वस्तीत क्लब, त्या वस्तीतल्या माणसाला दारातून आत घेत नसत. सॅव्हॉयमध्ये तिकीट काढलं की कोणीही आत. काळे, गोरे एकाच जमिनीवर, एकमेकांचे हात धरून. १९२६ साली अमेरिकेत ही किती मोठी गोष्ट होती!

त्यातही मला सगळ्यात आवडतो तो गुरुवार. घरकाम करणाऱ्या बायकांना, स्वयंपाकिणींना त्या रात्री सुट्टी असायची, म्हणून सॅव्हॉयमध्ये ती त्यांची रात्र. आठवडाभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासायची आणि गुरुवारी चांगला झगा घालून तिथे जायचं. स्विंग, म्हणजे नाचासाठीचं जॅझ, कोणासाठी घडलं असं कोणी विचारलं तर मी या बायकांकडे बोट दाखवीन.

आणि घडवलंही नाचणाऱ्यांनीच. ड्रमवादक चिक वेब हा सॅव्हॉयचा राजा. पाठीच्या कण्याच्या क्षयाने त्याची उंची जेमतेम चार फुटांवर थांबलेली. तो नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवायचा, पाय त्याच्याकडून ठेका घ्यायचे. बारीवर रसिकांच्या दादेने लावणी खुलत जाते, तसंच हे. पाय थांबले तर वादक हरला. ११ मे १९३७ला बेनी गुडमनचा गाजलेला वाद्यवृंद वेबशी सामना करायला आला. आत मुंगी शिरायला जागा नाही, बाहेर हजारो माणसं. सॅव्हॉयच्या लोकांनी कौल वेबला दिला, आणि गुडमनचा ड्रमवादक जीन क्रुपा वेबपुढे वाकला. पुढच्या जानेवारीत काउंट बेसी आला, कॅन्सस सिटीचा ब्लूज घेऊन, आणि त्या रात्री कोण जिंकलं यावर लोक अजून भांडतात. वेब १९३९मध्ये गेला, वय फक्त ३४. त्याचा वाद्यवृंद मग त्याच्याकडे गाणाऱ्या एला फिट्झजेराल्डने सांभाळला.

या दिवाणखान्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. सुरुवातीच्या दिवसांत सॅव्हॉयमध्ये वाजवणाऱ्या 'सॅव्हॉय बेअरकॅट्स'चा म्होरक्या, व्हायोलिनवादक लिऑन ॲबी, १९३५मध्ये कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन ताजमध्ये वाजवायला आला. मुंबईतल्या गोवेकर वादकांनी हे संगीत आपलंसं केलं. त्यांतलाच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. ताजच्या पायऱ्या आम्ही कधी चढलो नाही. आमच्या लालबागला हे संगीत आलं ते सिनेमातून.

एप्रिल १९४३मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांनी सॅव्हॉयला टाळं लावलं. कारण दिलं अनैतिक धंद्यांचं, सैनिकांना तिथून रोग होतात असं. हार्लेमला मात्र पक्कं ठाऊक होतं की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नाचणं डोळ्यांत खुपतंय. माझाही त्यावरच विश्वास आहे. ऑक्टोबरमध्ये टाळं निघालं. १९५८ साली मात्र ते कायमचंच लागलं. गृहप्रकल्पासाठी इमारत पाडायची ठरली, वाचवण्याचे प्रयत्न फसले, आतल्या वस्तूंचा लिलाव झाला.

घरं हवीतच. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली बाई घरांना नको कशी म्हणेल? पण माणसांना घर देताना त्यांची एकत्र यायची जागा काढून घ्यावीच लागते, हे मला पटत नाही. गिरणगावात आमचं तेच झालं.

लहानपणी चाळीच्या गॅलरीत उभी राहून मी तमाशाच्या थिएटरातली ढोलकी ऐकायची. आत जायची मुलींना सोय नव्हती. म्हणूनच नॉर्मा मिलरची गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. तिचं घर सॅव्हॉयच्या मागच्या बाजूला. लहानगी नॉर्मा जिन्यावर बसून खिडक्यांतल्या नाचणाऱ्यांच्या सावल्या बघायची आणि फुटपाथवर नाचायची. १९३२च्या ईस्टरला एका नर्तकाने बारा वर्षांच्या या पोरीला बाहेर नाचताना पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं, जमिनीवर उतरवलं. लिंडी हॉप, म्हणजे स्विंगवरचा जोडीचा नाच, त्याची ती मोठी नर्तकी झाली. लेनॉक्स अव्हेन्यूवरचा तो फलक २००२मध्ये उघडला तेव्हा ती आणि सॅव्हॉयचाच जुना नर्तक फ्रँकी मॅनिंग तिथे उभे होते, तो अठ्ठ्याऐंशीचा, ती ब्याऐंशीची.

या वेळी लेकीला मी तिथे उभं करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुठली खिडकी असेल गं?" आम्ही दोघी मान वर करून बराच वेळ बघत राहिलो.