‘निम्मी क्रेडिट्स बुडतात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

बारावीतल्या मुलांच्या आईवडिलांना घाबरवणारा एक मेसेज सध्या अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर फिरतोय. मला तो महिन्याभरात चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: मुलांना कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, स्वस्त सरकारी कॉलेजात) घालू नका. सरकारी अहवालच सांगतो की तिथून विद्यापीठात जाताना ४३ टक्के क्रेडिट्स (पास केलेल्या कोर्सचा डिग्रीत धरला जाणारा हिशोब) बुडतात. चार वर्षांची डिग्री सहा वर्षांवर जाते. चांगल्या विद्यापीठात नंतर कुणी घेत नाही. पैसे वाचत नाहीत. आणि डिग्रीवर कम्युनिटी कॉलेजचा शिक्का राहतो तो राहतोच.

माझा मुलगा बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकला, मग यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला गेला आणि पदवी घेऊन बाहेर पडला. त्या दोन वर्षांत आमचाही एक कोर्स वाया गेला. म्हणून या मेसेजमधलं काय खरं आणि काय खोटं, हे नीट सांगावंसं वाटतं.

आधी ४३ टक्के. आकडा खरा आहे. अमेरिकी काँग्रेससाठी तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने तो २०१७ मध्ये दिला. पण तो २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या मुलांचा आहे, आणि त्यात सगळ्या प्रकारची अदलाबदल धरलेली आहे. त्याच अहवालात पुढे आहे की नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांची अंदाजे ९४ टक्के क्रेडिट्स गेली, तर एका सरकारी कॉलेजातून दुसऱ्या सरकारी कॉलेजात गेलेल्यांची ३७ टक्के. ३७ हाही छोटा आकडा नाही, ते मी नाकारत नाही. पण ही सगळ्या देशाची सरासरी आहे. ज्याने ठरवून, कॉलेज-विद्यापीठातले करार बघून कोर्स घेतले आणि ज्याने मिळेल ते घेतले, ते दोघंही तिच्यात आहेत. तुमचं मूल त्यातलं कोणतं असेल, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

कसं, ते कॅलिफोर्नियाच्या उदाहरणाने सांगते, कारण ते मला जवळून माहीत आहे. इथे ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून या कॉलेजांतून यूसी आणि कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठांत जायची वाट मुद्दाम आखलेली आहे. कोणत्या कॉलेजातला कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, याचे करार ‘असिस्ट’ या सरकारी वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुले आहेत. लॉगिन लागत नाही, फी लागत नाही. कॉलेज, विद्यापीठ, विषय आणि वर्ष निवडलं की दोन रकाने उघडतात. डाव्या बाजूला विद्यापीठाचा कोर्स, उजव्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याचा जोडीदार. जोडीदार नसेल तर तिथे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आमची चूक इथेच झाली. पहिल्या सत्रात मुलाला मुख्य कॅल्क्युलसच्या वर्गात जागा मिळाली नाही, म्हणून त्याने बिझनेस कॅल्क्युलस घेतला. ‘हा यूसीला ट्रान्सफर होतो ना?’ एवढंच आम्ही विचारलं. उत्तर ‘हो’ आलं, आणि ते खरंही होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी तो करार पहिल्यांदा ओळीओळीने वाचला. त्याच्या विषयासाठी लागणाऱ्या गणिताच्या ओळीत मुख्य कॅल्क्युलसचेच कोर्स होते. बिझनेस कॅल्क्युलस कुठेही नव्हता. पुढे त्याने मुख्य कॅल्क्युलस केला, तेव्हा कळलं की यूसी या दोन्हींचं क्रेडिट देत नाही, एकाचंच देते. म्हणजे ट्रान्सफर ‘होणारा’ कोर्स करूनसुद्धा आमचा एक कोर्स फुकट गेला.

‘क्रेडिट्स बुडतात’ असं लोक म्हणतात, त्यातला मोठा भाग हा असा असतो. क्रेडिट विद्यापीठापर्यंत पोहोचतं, पण डिग्रीच्या अटीत कुठे बसत नाही. म्हणून ‘हे चालेल का?’ असं विचारू नका. ‘हे कशाच्या जागी धरतील?’ असं विचारा, आणि उत्तर करारातच बघा. दोन बारकावे आणखी. यूसी कम्युनिटी कॉलेजातली जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्स (म्हणजे क्रेडिट्स) मोजते. त्यावर केलेले कोर्स विषयाची अट पुरी करायला उपयोगी पडतात, पण युनिट्स वाढत नाहीत. आणि काही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची (वर्षाची तीन सत्रं) असतात, काही सेमिस्टरची (दोन सत्रं). कॅल्क्युलससारखी मालिका अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे केली की मधला भाग सुटतो. मालिका एकाच कॉलेजात संपवा.

आपल्या लोकांना हा मेसेज पटकन का पटतो, तेही मला समजतं. आपल्या काळात मधेच विद्यापीठ बदलायचं म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी, विभागप्रमुखांची सही, आणि एवढं करून ‘तुमचा सिलॅबस आमच्याशी जुळत नाही’ हे ऐकायचं. टर्म जायची, कधी अख्खं वर्ष जायचं. ती धास्ती मनात घर करून आहे. पण इथे दोन वर्षांनंतर बदलणं हा अपघात नाही. व्यवस्थाच तशी मांडलेली आहे.

न्यू जर्सीतही हेच. तिथल्या २००७ च्या कायद्यानुसार काउंटी कॉलेजची (तिथल्या कम्युनिटी कॉलेजची) एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी पूर्ण करून राज्यातल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर ती क्रेडिट्स पूर्ण धरावी लागतात. मात्र एएएस नावाची तिसरी पदवी आहे, नोकरीच्या कौशल्यांसाठीची. तिला ही हमी नाही. एका जादा ‘ए’चा हा फरक एडिसनमधल्या माझ्या मैत्रिणीलाही माहीत नव्हता.

‘चांगल्या विद्यापीठात नंतर घेत नाहीत’ हे मात्र उलटंच आहे. यूसी ट्रान्सफरने जी मुलं घेते, त्यातली दहापैकी नऊ कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतली असतात, कारण त्यांना प्राधान्य द्यायचं हे धोरणच आहे. यूसीएलएत (यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये) बारावीनंतर थेट अर्ज करणाऱ्या दहांत एकालाही जागा मिळणं अलीकडे कठीण झालंय. ट्रान्सफरचा अर्ज करणाऱ्यांत साधारण चारातल्या एकाला मिळते. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस ‘टॅग’ नावाची लेखी हमी देतात: ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (मार्कांची सरासरी), तर प्रवेश नक्की. पण बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो ही हमी देत नाहीत. संगणकशास्त्रासारखे गर्दीचे विषय काही कॅम्पसवर टॅगमधून वगळलेले असतात. त्यामुळे ‘कम्युनिटी कॉलेजमधून हमखास बर्कली’ असं कुणी पुण्यात किंवा नाशकात बसून सांगत असेल, तर तेही तितकंच खोटं आहे. आणि एमआयटी, स्टॅनफर्डसारख्या खासगी संस्था ट्रान्सफरने फार थोडी मुलं घेतात. तिकडेच नजर असेल तर ही वाट तुमची नाही.

पैशांचं गणित सरळ आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर. ६० युनिट्सचे २,७६० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे. यूसीची नुसती ट्यूशन एका वर्षाला चौदा-पंधरा हजारांच्या घरात जाते, राहणं-जेवण वेगळं. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या, पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलांना बरीच कॉलेजं दोन वर्षं ही फीसुद्धा माफ करतात. आमचा एक कोर्स वाया गेला तरी हिशोब आमच्याच बाजूने राहिला. भारतातून एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांना मात्र ४६ डॉलरचा दर लागू नाही, त्यांची फी कितीतरी पट असते. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी वाल्यांच्या) मुलांचा दर निवासाच्या नियमांवर ठरतो. तो प्रवेशाआधी कॉलेजकडून लेखी घ्या.

शिक्क्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. डिग्री विद्यापीठ देतं आणि तिच्यावर विद्यापीठाचंच नाव असतं. पुढे एमएसला अर्ज करताना सगळ्या कॉलेजांच्या मार्कशीट मागतात, तेव्हा कम्युनिटी कॉलेजचीही द्यावी लागते, आणि त्यात लपवण्यासारखं काहीही नाही.

राहिला सहा वर्षांचा मुद्दा. यूसीत ट्रान्सफर होऊन आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पुढच्या दोन वर्षांत पदवी घेतात. पण इथे मेसेजने जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. देशभर पाहिलं तर कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलंच चार वर्षांच्या कॉलेजापर्यंत पोहोचतात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पदवी हाती येते ती सहापैकी साधारण एकाच्या. बहुतेकांची गळती क्रेडिट्स पोहोचण्याच्या कितीतरी आधी होते. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणं, समुपदेशकाची भेट वेळेवर न मिळणं, एक सत्र सुटणं, मग दुसरं. कॅम्पसवर राहणाऱ्या मुलाला आजूबाजूची मुलं ओढून पुढे नेतात. घरून ये-जा करणारं मूल पार्किंगमधून वर्गात आणि वर्गातून पार्किंगमध्ये. माझ्या मुलाचं पहिलं सत्र असंच गेलं. गणिताच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये त्याला दोन मित्र मिळाले, तेव्हा कुठे तो रमला.

तेव्हा ज्यांनी हा मेसेज पाठवला त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी त्यासोबत तुमच्या राज्याच्या कराराची लिंकही पाठवा. कॅलिफोर्नियातल्यांसाठी: टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर एवढाच खुला असतो, आणि यूसीचा मुख्य अर्ज त्यानंतर ऑक्टोबरपासून सादर करता येतो. मूल दुसऱ्या वर्षाला असेल तर ऑगस्टमध्येच त्याच्या शेजारी बसा, असिस्ट उघडा आणि उजवा रकाना एकेका ओळीने त्याच्या मार्कशीटशी ताडून बघा.