संधिवात आणि कान: खानापूरच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. संधिवात असेल तर कानही तपासून घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय की संधिवात हा सांध्यांचा आजार, त्यात कान कुठनं आला, वय झालं की ऐकू कमी येतंच, उगीच गोरगरिबांना टेस्टच्या मागं लावू नका, आणि कान गेलेच तर गोळ्यांनी जातात. टेस्टबद्दलचा राग समजतो, खेड्यातनं बेळगावला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. बाकीचं मात्र पटत नाही.

कानात पण सांधे असतात हो! पडद्याच्या आत तीन बारकी हाडं असतात, त्यांच्यामधले सांधे बोटांच्या सांध्यांच्याच जातीचे, रुमॅटॉइड, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, जिथं सूज आणतो तसले. पण जास्त करून त्रास सापडतो तो त्याच्याही आत, नसेच्या बाजूला. आतल्या कानाला रक्त एकाच बारीक धमनीतनं मिळतं, तिथं अडलं की दुसरी वाट नाही.

आणि वयाचं म्हणाल तर त्याच वयाच्या, संधिवात नसलेल्या माणसांशी तुलना केली तरी संधिवातवाल्यांत वरच्या पट्टीचं ऐकणं जास्त कमी झालेलं दिसतं. सगळ्यांचं होतं असं नाही. माझ्याकडं कान तपासायला निपाणीकडची एक बिडी वळणारी बाई आलती, चाळिशीतली, बोटं इतकी सुजलेली की आवाज आल्यावर बटण दाबायचं तेच जमेना, म्हणून म्हटलं हात वर करा. खालच्या पट्टीचे आवाज बरोबर ओळखले, 4000 हर्ट्झच्या पुढं, म्हणजे वरच्या पट्टीत, हातच वर येईना. घरचे म्हणायचे ही ऐकून न ऐकल्यासारखं करते! आवाज तिला येत होता, पण स, श, फ उडून जायचे, मग शब्द कसा कळणार. तुम्हीच लिहिलंय की काकूंना दहा वर्षं संधिवात आहे, कान ठणठणीत आहेत, फक्त टीव्ही मोठा लागतो. काका, एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, त्यात सुई-बिई काही नसते.

आतला कान तोलही सांभाळतो. पण तोल जातो तो दरवेळी कानामुळंच असं मीही म्हणत नाही, घोटे-गुडघे दुखरे असले, पायात ताकद नसली तरी माणूस झोकांडतो, आणि वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्याचं हाड पडल्यावर लगेच मोडतं. पण चक्कर आली म्हणून कुणाकडं जाऊन मान मोडून घेऊ नका, हे हात जोडून सांगते. जुन्या रुमॅटॉइडमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा ढिला झालेला असू शकतो, झटका बसला तर मज्जारज्जूवर दाब येतो. चक्कर तपासणाऱ्यालाही आधी संधिवात आहे म्हणून सांगा, कारण त्या तपासणीत मान वळवतात.

गोळ्यांचं थोडं खरं आहे. ॲस्पिरिनचा डोस जास्त झाला की कानात शिट्टी वाजते, कमी केला की बहुतेक वेळा थांबते. पण म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचं. आणि एखाद्या कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत एकदम गेलं तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, लगेच कानाच्या डॉक्टरकडं जा, स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.