तळं उपसू नका, थोडं थोडं साफ करा

थंडी सरली की बागेतल्या तळ्यांचे फोटो दिसू लागतात. पाणी पूर्ण उपसलेलं, तळ घासून लख्ख, वर नळाचं ताजं पाणी. दिसतं छान, पण तळ्याचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

गाळात चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच, पण सडपातळ कीटक) यांच्या अळ्या असतात, त्यातल्या काही वर्षभराहून जास्त काळ पाण्यातच वाढतात. दगडांवरच्या, फिल्टरमधल्या बुळबुळीत थरात माशांच्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ते घासून काढले की पुन्हा जमायला काही आठवडे लागतात. तोवर अमोनिया कल्ल्यांना इजा करतो आणि नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मासे वर येऊन तोंड मिटू-उघडू लागतात ते बऱ्याचदा यामुळेच. शिवाय पाणवनस्पती वाढायच्या आत शेवाळ फोफावतं, म्हणजे ज्या हिरव्या पाण्याला कंटाळून सफाई केली तेच परत येतं.

एका वेळी गाळ एक तृतीयांशच काढा, तोही जाळीच्या लहान टोपलीने, हळू. काढलेला गाळ आणि झाडपाला दिवसभर तळ्याच्या काठाशीच ठेवा, त्यातले जीव सरपटत पाण्यात परततात. धाग्यांचं शेवाळ काठीभोवती गुंडाळून ओढा, पण आधी त्यात बेडकांची अंडी अडकली आहेत का ते बघा. बेडकांची अंडी सहसा गोळ्यासारखी एकत्र असतात, भेकांची (खरखरीत कातडीच्या बेडकांची) लांब माळेसारखी. दिसली तर तिथलं काम थांबवा.

फिल्टरचा स्पंज बादलीत काढून घेतलेल्या तळ्याच्याच पाण्यात पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलायचं तर १० ते २० टक्के पुरे. क्लोरीन एक-दोन दिवस उघडं ठेवल्यावर उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात असतं) तसं जात नाही, त्यासाठी डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं औषधच हवं. पंपाच्या तोंडाला जाडसर स्पंज लावा, नाहीतर बेडूकमासे ओढले जातात.

कुमुदिनी तीन-चार वर्षांनी विभागावी. वाढता कोंब असलेला कंदाचा तुकडा जड चिकणमातीत लावा, वर खडी पसरा म्हणजे मासे माती उकरत नाहीत. खत घातलेली हलकी कुंडीमाती वापरू नका. ती तरंगते आणि तिच्यातलं खत थेट शेवाळाच्या पोटात जातं. सुरुवातीला कुंडी उथळ ठेवा, पानं आली की खाली सोडा. निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला की पाणी आपोआप निवळतं.

पाणी १० अंशांच्या खाली असताना माशांना खाणं घालू नका, पचत नाही. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून उन्हाळा जवळ आला की कारंजं रात्री बंद करू नका.

काठ उभे असतील तर एक खडबडीत फळी तिरपी सोडा. चुकून पडलेले प्राणी त्यावरून वर येतात. डासांसाठी गप्पी माशांचा किंवा गॅम्बुशियाचा सल्ला सर्रास दिला जातो. गॅम्बुशिया बेडकांची अंडी आणि बेडूकमासेही फस्त करतात, ते नैसर्गिक तळ्यात अजिबात नकोत. चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे असतील तर डासांच्या अळ्यांवर बराच वचक राहतो. तरीही वाढल्या तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध वापरा, नेमून दिलेल्या प्रमाणात त्याचा माशांना आणि बेडकांना त्रास होत नाही. आणि दुसऱ्या तळ्यातली अंडी आणून सोडू नका, त्यांच्यासोबत बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी येऊ शकते.