गगनबावड्याला एक दिवसाचा बॅकअप पुरत नाही
घरच्या सोलरवरच्या लेखात धनगरवाड्यावरच्या घराला एक दिवसाचा बॅटरी बॅकअप पुरेल म्हटलंय. गगनबावड्याकडं जुलैत दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, तिथं निदान तीन दिवसांचा धरा. 9 वॅटचे चार बल्ब पाच तास, म्हणजे रोज 180 वॅट-तास, तीन दिवसांचे 540. 12 व्होल्ट 100 एएच (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरीत 1200 वॅट-तास असतात, पण सारखी निम्म्याखाली उतरवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून हाताशी 600च. पंखा जोडलात की हिशेब कोलमडला.

खरा घात जोडांत होतो. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-4 कनेक्टर छपराच्या पत्र्यावर पडू देऊ नका, पॅनेलच्या फ्रेमला बांधा. वायर बॉक्समध्ये खालूनच घ्या, आधी तिला झोळ द्या, पाणी तिथंच गळून जातं. जांभ्या दगडात अर्थिंग सहजासहजी लागत नाही; वळवाच्या विजांआधी त्याचा रोध मोजून घ्याच.