चौदा वर्षांची अट आणि स्वामींचा पेला

जन्मठेपेचा कैदी कितीही थकला तरी १४ वर्षांआधी सुटूच शकत नाही, असं कैद्यांच्या सुटकेवरच्या एका लेखात म्हटलंय. हे अर्धंच खरं आहे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात शासनावर ती अट आहे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५). पण राज्यघटनेच्या कलम १६१ खाली राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने त्याआधीही शिक्षा माफ करू शकतात. सल्ला द्यायची इच्छा हवी.

आणि ज्यांना शिक्षाच झालेली नाही त्यांचं काय? भीमा कोरेगाव प्रकरणात अटकेत असलेले, आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू, तळोजा तुरुंगातले फादर स्टॅन स्वामी आठवा. वय ८३, पार्किन्सन. पेला हातात ठरेना म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी कोर्टाकडे स्ट्रॉ आणि सिपर (चोचीचा पेला) मागितला. पुढची तारीख पडली २० दिवसांनंतरची! ५ जुलै २०२१ ला ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले तेव्हा जामिनाची सुनावणी चालूच होती.

माझ्या वडिलांनाही पार्किन्सन होता. चहा बशीत ओतून मी त्यांच्या ओठांना लावायचो, हनुवटीखाली पंचा धरून. एका कपाला पंधरा मिनिटं लागायची. बराकीत एवढा वेळ कोण देणार? आजारी कैद्याचा वैद्यकीय अहवाल किती दिवसांत कोर्टात यावा, याची मुदत आधी कायद्यात लिहा.