बर्लिनचा राजवाडा बॉम्बने पाडला नाही

बर्लिनच्या राजवाड्याचा फोटो आणि त्याखाली हा मजकूर बऱ्याच ग्रुपवर फिरतो: ‘महायुद्धात बॉम्बने जमीनदोस्त झालेला राजवाडा जर्मनांनी होता तसाच पुन्हा बांधला. याला म्हणतात वारसा जपणं!’ जुन्या वास्तूंवर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

आधी ‘जमीनदोस्त’. ३ फेब्रुवारी १९४५च्या हवाई हल्ल्यात राजवाडा जळाला, बहुतेक दालनांची राख झाली. पण भिंती उभ्या होत्या. १९४६मध्ये शाबूत भागात प्रदर्शनंही भरली. तो पडला १९५०मध्ये, युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सत्ताधाऱ्यांना, त्यातही त्यांचा नेता वाल्टर उल्ब्रिख्टला, प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजांची खूण नको होती. संचलनांसाठी मोकळं मैदान हवं होतं. अभ्यासकांनी परोपरीने विरोध केला, तरी सप्टेंबर ते डिसेंबर सुरुंग लावून सगळं उडवलं.

‘होता तसाच’ हेही पटण्यासारखं नाही. फ्रांको स्टेला या इटालियन वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार २०१३ ते २०२० या काळात उभी राहिलेली ही काँक्रीटची इमारत आहे. तिच्या तीन बाजूंना जुने फोटो आणि उरलेले तुकडे पाहून घडवलेले दगड बसवले आहेत. गरुड, पानाफुलांच्या माळा, मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्या पाथरवटांनी मन लावून कोरल्या आहेत. त्या कामाला मी मनापासून दाद देतो. पण श्प्रे नदीकडची बाजू साधी, चौकटीचौकटींची आहे. राजवाड्याचा पाया १४४३मध्ये घातला गेला आणि त्याचा सर्वांत जुना भाग नेमका याच बाजूला होता. आत संग्रहालयं आहेत, राजाची दालनं नाहीत.

मजकुरात एक इमारत तर पुरती गाळली आहे. याच जागी १९७६मध्ये प्रजासत्ताक भवन उघडलं. पूर्व जर्मनीची संसद तिथे भरायची आणि ऑगस्ट १९९०मध्ये पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव तिथेच झाला. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस हे आरोग्याला घातक बांधकाम-द्रव्य सापडलं. ते काढूनही झालं, तरी २००६ ते २००८मध्ये इमारत पाडली. लोक तिथे नाचायला, जेवायला जात. त्यांच्यासाठी तोही वारसाच होता.

मूळ राजवाड्याचे दगड पाहायचे असतील तर शेजारच्या, पूर्व जर्मनीच्या जुन्या राज्य परिषद भवनाकडे वळा. ९ नोव्हेंबर १९१८ला क्रांतिकारक डावा नेता कार्ल लीबक्नेख्ट याने जिथून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली, त्या सज्जाच्या प्रवेशद्वाराचे तुकडे राजवाडा उडवणाऱ्यांनीच जपून ठेवले आणि १९६४मध्ये तिथे दर्शनी भागात बसवले. त्याच प्रवेशद्वाराची नवी नक्कल समोरच्या राजवाड्यालाही आहे.